कांद्यालाही मुदत द्या

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा गावाकडच्या मंडळींचा संताप मला पूर्ण पटला. एका सहीत वर्षानुवर्षांचा धंदा उलथवणं अन्यायाचंच आहे. दाद मागायची तर जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प. नव्या नेमणुका अमेरिकाच अडवून बसली आहे.

पण मी दुबईत राहतो. अल अवीरच्या भाजीबाजारातल्या आयातदारांशी बोलताना कळतं, की कांद्याच्या बाबतीत त्यांना बेभरवशाचे आपण वाटतो.

त्यांना दोष कसा द्यायचा? १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क जाहीर केलं आणि लगेच लागूही केलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने कांदा बाहेर विकायचा नाही. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून. ती तारीख यायच्या आधीच बंदी बेमुदत झाली. ४ मे २०२४ ला ती उठली, तर पुन्हा ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. तोवर इथल्या दुकानदारांनी पाकिस्तान आणि इजिप्तच्या कांद्याशी जमवून घेतलं होतं.

अमेरिकेने ६ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, त्या ५० पैकी जादा २५ टक्क्यांसाठी, निदान २१ दिवस दिले, आधी जहाजात चढलेल्या मालाला सवलतही दिली. लासलगावच्या शेतकऱ्याला आपल्याच सरकारने तेवढे दिवसही दिले नाहीत, हे मला फार लागतं.

शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, हे मान्य. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव मातीमोल झाले तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? राज्याचं क्विंटलला ३५० रुपये अनुदान. उन्हाळ कांदा तो महिनोन्‌महिने चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवतो, सड आणि घट सोसतो, ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या भावाच्या आशेवर. नेमकं तेव्हाच शुल्क येतं.

आणि ही तक्रार नवी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या होत्या, की कांद्यावर निर्यातबंदी घालण्याआधी कळवायला हवं होतं. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराचं कलम १२ सांगतं, की खाद्यपदार्थाच्या निर्यातीवर बंदी घालायची तर शक्य तितक्या आधी लेखी कळवावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला नाही. कांद्याचे आपण निव्वळ निर्यातदार आहोत.

माझी मागणी साधी आहे. चाळी भरण्याआधी, मार्चमध्येच, केंद्राने जाहीर करावं: किरकोळ भाव किती झाला की किती शुल्क लागेल, आणि ते लागण्याआधी २१ दिवस मिळतील. मग कांदा चाळीत टाकायचा की थेट लिलावाला न्यायचा, हे शेतकरी हिशेब करून ठरवेल, आणि इथला आयातदार वर्षाचा करार करताना नाशिकचा भाव आधी विचारेल.