बारीक भुकटी म्हणजे मजबुती? अर्धंच खरं

‘फिलर (रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, मिसळायची भुकटी) जितका बारीक तितकं कंपोझिट (रेझिन आणि भुकटीचा तयार पदार्थ) मजबूत’ असं एका लेखात सरळ ठोकून दिलंय. मी गोव्यात कुठ्ठाळीला फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, त्यामुळे राहवलं नाही.

कण 10 मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 1 मायक्रॉनवर आणला की तेवढ्याच वजनाच्या भुकटीचा पृष्ठभाग दहापट होतो. रेझिनला धरायला जागा मिळते, ताकद वाढते. मोठा कण ताण आला की आधी सुटतो आणि तिथूनच चीर पडते. इथपर्यंत मान्य. पण तो सगळा पृष्ठभाग रेझिनने भिजायला हवा ना!

गेल्या जुलैत मी हौसेनं अगदी बारीक चॉक पावडर आणली. पिशवी रात्रभर उघडी राहिली, आणि आपला पावसाळा काय सांगावा. पुट्टी शिऱ्यासारखी घट्ट झाली, हात भरून आले घोटून. सुकल्यावर हातोडीनं ठोकली तर ढलपाच निघाला. मोडलेल्या जागी मोहरीएवढ्या पांढऱ्या गुठळ्या, नखानं दाबल्या की भुगा. म्हणजे बारीक कणांचा गठ्ठा झाला की तो मोठ्या कणापेक्षाही वाईट.

ताठपणाचं म्हणाल तर तो मुख्यतः फिलर किती घातला यावर ठरतो, मायक्रॉनच्या मापात आकाराचा फारसा फरक पडत नाही.

आणि सिलेन, म्हणजे भुकटीला रेझिनशी जोडणारं रसायन, सगळीकडे चालतं असंही नाही. सिलिका, काचेला ते उत्तम चिकटतं, चॉकला नाही. चॉकवर स्टिअरिक अॅसिडचा लेप देतात, त्यानं गुठळ्या कमी होतात, पण रेझिनशी पक्की गाठ काही बसत नाही.