मेमरीज ऑफ मर्डर, अण्णा आणि उसाचं दारं

रविवारी रात्री मेमरीज ऑफ मर्डर परत बघितला, चौथ्यांदा का पाचव्यांदा ते पण आता मोजत नाही. २००३ चा कोरियन पिक्चर, बोंग जून-होचा, तोच तो पॅरासाईटवाला. पॅरासाईट भारी आहेच पण माझा नंबर एक हाच. (पुढं स्पॉयलर आहेत, नंतर शिव्या घालू नका)

स्टोरी खरी आहे. दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ मधे दहा बायकांचे खून झाले, पोलिसांनी सगळं रान उठवलं आणि हाताला काय लागलं नाही.

यावेळी शेजारी अण्णा होते. त्यांना सबटायटल वाचायचा कंटाळा, म्हणून मीच मधनं मधनं सांगत होतो. पहिलाच सीन, शेताकडंच्या मोरीत प्रेत, भोवतीनं पोरं हुंदडतायत, फौजदार ट्रॉलीत बसून आलेला. अण्णा म्हणाले, हे तर आपल्या पलूसकडंचंच दिसतंय की. मग विचारलं, भात हाय का ऊस?

मग तो ट्रॅक्टरचा सीन. खुन्याच्या पायाचा ठसा सापडलाय, कोण कुणाचं ऐकत नाही, साहेब लोक बांधावरनं घसरून आपटतायत आणि ट्रॅक्टरवाला निवांत त्या ठशावरनं चाक घालून जातो. सगळं एकाच शॉटमधे! मी डोक्याला हात लावला तर अण्णा म्हणतात, त्या गड्याची काय चूक, त्याचं काम खोळंबलेलं.

लोक याला सस्पेन्स म्हणतात, मला नाही पटत. खुनी पाऊस पडला की बाहेर पडतो हे पोलिसांना कळलंय, त्या रात्री माणसं मागितली तर सगळा फोर्स मोर्चा दाबायला गेलेला, डीएनए तपासायची सोय देशात नाही म्हणून सॅम्पल अमेरिकेला, आणि तोवर हातात काय तर बूट. गावातल्या अर्धवट पोराला धरून लाथा घालायच्या आणि कबुलीजबाब पाठ करून घ्यायचा. साँग कांग-होनं तो फौजदार असा केलाय की आधी हसू येतं आणि मग आपण हसलो याचीच लाज वाटते.

शेवट तर माहितीच असेल, तो फौजदार सरळ कॅमेऱ्यात बघतो. खुनी कधीतरी थेटरात येऊन बसेल, त्याच्या डोळ्यात बघायचं म्हणून दिग्दर्शकानं तसं ठेवलेलं.

पिक्चर संपल्यावर अण्णांनी विचारलं, मग घावला का नाही?

घावला, २०१९ ला. डीएनए जुळला तेव्हा तो जेलमधेच होता, मेव्हणीच्या खुनात जन्मठेप, १९९४ पासनं. म्हणजे पिक्चर आला तेव्हा तो आतच. आणि त्या दहातल्या एका खुनासाठी दुसराच माणूस जवळजवळ वीस वर्षं आत बसून आलेला, पोलिसांनी मारून कबूल करून घेतलं म्हणत होता, तो २०२० ला निर्दोष सुटला. हे कळल्यापासनं ते लाथांचे सीन मला बघवत नाहीत.

खऱ्या खुन्याला कोर्टात पिक्चरबद्दल विचारलं. म्हणाला, जेलात बघितला, काय वाटलं नाही.

अण्णा काय बोलले नाहीत. बाराला लाईट येणार होती, बॅटरी घेतली आणि दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला, उसाकडं निघाले. एरवी मी झोपतो, त्या दिवशी चप्पल घालून मागनं गेलो.