डंकन एडवर्ड्स 'गेला म्हणून मोठा'? काहीही हं!

ती पोस्ट परवापासून तिसऱ्यांदा आली माझ्याकडे. म्हणणं असं की मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा डंकन एडवर्ड्स १९५८ मध्ये टीमच्या विमानाला म्युनिकला झालेल्या अपघातात एकविसाव्या वर्षी जागच्या जागी गेला, पायलटच्या हलगर्जीपणामुळे गेला, आणि असा गेला म्हणूनच त्याचं एवढं नाव, नाहीतर बरा हाफबॅक (बचाव आणि आक्रमण यांच्या मधला खेळाडू) होता, बास.

शेवटचं आधी घेतो कारण डोकं त्यानेच फिरलं. १९५७ च्या बॅलन डी'ऑरला (युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) डी स्टेफानो पहिला, बिली राइट दुसरा, आणि तिसऱ्या नंबरवर रेमंड कोपाच्या बरोबरीने हा डडलीचा पोरगा. तेव्हा धडधाकट होता की तो, मग सहानुभूतीची मतं कोणी दिली? सोळाव्या वर्षी युनायटेडच्या पहिल्या टीममध्ये, अठराव्या वर्षी इंग्लंडकडून वेम्बलीवर (स्कॉटलंडला ७-२ धुतलं त्या दिवशी), दोन लीग टायटल, इंग्लंडच्या १८ मॅच, त्यात ५ गोल. मे १९५६ मध्ये बर्लिनला, समोर १९५४ चे जगज्जेते पश्चिम जर्मनी, आणि हा बॉल घेऊन त्यांच्या पोरांना बाजूला सारत गेला आणि लांबूनच असा हाणला की थेट जाळ्यात. हाफबॅक बरं का!

आता 'जागच्या जागी'. अपघात ६ फेब्रुवारीला, तो गेला २१ तारखेला पहाटे. पंधरा दिवस झुंजला. मांडीचं हाड मोडलेलं, बरगड्या मोडलेल्या, पण घात केला तो किडन्यांनी, फ्रायबुर्गहून कृत्रिम किडनीचं मशीन मागवलं होतं त्याच्यासाठी. त्या अवस्थेत असिस्टंट मॅनेजर जिमी मर्फी भेटायला गेले तर हा विचारतोय वुल्व्ह्ज या क्लबविरुद्धची मॅच किती वाजता सुरू होणार, ती चुकवायची नाहीये म्हणे. हे वाचून दरवेळी गलबलतं मला.

पायलटचं तर अजूनच वाईट. जर्मन चौकशीने पंखांवरच्या बर्फाचं खापर कॅप्टन थेनवर फोडलं ते खरंय, पण पुढचं कोणी लिहीतच नाही. टेकऑफचा तिसरा प्रयत्न, विमान ११७ नॉट्सला पोचलेलं, आणि रनवेच्या शेवटाकडे अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात चाकं शिरल्यावर स्पीड वाढायच्या ऐवजी १०५ वर आला, उडणार कसं? दहा-अकरा वर्षं भांडून १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीत थेन निर्दोष ठरला. तरी आपल्याकडे अजून पायलटच दोषी.

राहता राहिलं ते त्याच्याबद्दल नेहमी फिरणारं 'वाचला असता तर इंग्लंडने जिंकलेला १९६६ चा वर्ल्ड कप त्यानेच उचलला असता' हे. वय २९ झालं असतं, त्यामुळे कल्पना गोड आहे, पण तो वाचला तरी परत खेळेल का याचीच डॉक्टरांना शंका होती. तेव्हा फॉरवर्ड करायचंच असेल तर निदान 'वाचला असता' काढून 'अपघात झाला नसता' तरी करा.