उजव्या सोंडेचा डायनासोर

आमच्या देवघरात सध्या पोस्टाचं एक तिकीट सोवळ्यात आहे. दोन आण्याचं. ते माझं आहे, माझ्या पैशानं घेतलेलं आहे, पण हातात घ्यायचं असेल तर मला आधी आंघोळ करावी लागते. नुसती आंघोळ करून भागत नाही, आंघोळीनंतर चहासुद्धा घेतलेला नसावा लागतो. त्यामुळे हल्ली मी ते फारसं बघतच नाही.

मी डायनासोरची तिकिटं जमवतो. बेळगावात हे वाक्य उच्चारायला धैर्य लागतं. आमच्याकडे ‘तिकीट’ म्हटलं की लोकांना एस.टी.चं आठवतं, नाहीतर निवडणुकीचं. शेजारच्या काकांना मी एकदा मोठ्या उत्साहानं सांगितलं, की यंदा तीन तिकिटं मिळाली. त्यांनी इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात विचारलं, “कुठल्या पक्षाची?”

पोस्टात जाऊन विचारलं, तर खिडकीपलीकडचे गृहस्थ अगदी सज्जन निघाले. डोळ्याची पापणीही न लवता म्हणाले, “डायनासोर इल्ला री. गांधी हाय, पाच रुपयाचं.” गांधीजी १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बेळगावात राहून गेलेले, म्हणजे इथले ते घरचेच. एक घेतलं. खिडकीपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परतणं बरं दिसत नाही.

बेळगावच्या माणसाला हा नाद लागावा कसा, तर इथं दुसरं काही मिळतच नाही म्हणून. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरची अंडी आणि हाडं मिळाली, जबलपूरला मिळाली, गोदावरीच्या खोऱ्यात एवढा थोरला बारापासॉरस मिळाला, आणि त्याच्या नावात रवींद्रनाथ टागोरांनाही जागा मिळाली. आमच्या वाट्याला काय? एकीकडे दख्खनच्या लाव्ह्याचा काळा कातळ. तो ओतला गेला तेव्हा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांचा गाशा गुंडाळायचं काम चालू होतं, आणि त्या कामात या लाव्ह्याचाही हात असावा असं शास्त्रज्ञ म्हणतात. दुसरीकडे गोकाकच्या धबधब्याचा खडक. तो डायनासोर जन्माला यायच्या कित्येक कोटी वर्षं आधीचा. म्हणजे आम्ही एकतर फार लवकर पोचलो, नाहीतर थेट तेराव्याला. सीमाभागाचं नशीबच तसलं. अशा माणसानं जमवायचं तरी काय? तिकिटंच.

बरं, तिकिटांचंही सोपं नाही. डायनासोरचं जगातलं पहिलं तिकीट चीननं १९५८ साली काढलं. तीन तिकिटांच्या संचात एकावर ट्रायलोबाइट नावाचा समुद्रातला पुरातन किडा, एकावर भल्यामोठ्या शिंगांचं हरीण आणि मधल्या आठ फेनच्या तिकिटावर लुफेंगोसॉरस. १९६५ मध्ये पोलंड आणि सान मारिनो यांनी आपापले संच काढले. सान मारिनो हा देश एकसष्ट चौरस किलोमीटरचा. आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलात नेऊन ठेवला तर वनखात्यालासुद्धा शोधावा लागेल. तिथं डायनासोरला उभं राहायला जागा नाही, पण तिकिटावर ऐटीत उभा आहे. त्यानंतर आखातातल्या छोट्या छोट्या अमिरातींच्या नावानं तिकिटांचा जो पाऊस पडला, तो आमच्या कणकुंबीलाही पडत नसेल. या तिकिटांवर छापतानाच शिक्का मारलेला, आणि मागं डिंक जसाच्या तसा. बिचारी कधी कुठल्या पाकिटावर चढलीच नाहीत. बोहल्यावर न चढता घटस्फोट म्हणतात तो हा.

असल्या तिकिटांवर चित्रकार मंडळी काय वाटेल ते करतात. माझ्याकडे एक आहे, त्यावर स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांची जुंपली आहे. स्टेगोसॉरस पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स साडेसहा-पावणेसात कोटींमागचा. मध्ये आठ कोटी वर्षं! हिशेब केला तर टी-रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा माझी आत्या जवळची.

आत्याकडे येतो. त्याआधी अमेरिकेचं सांगायला हवं, कारण तिथलं वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. १९८९ मध्ये त्यांच्या टपाल खात्यानं पंचवीस सेंटची चार तिकिटं काढली. एकावर लांब मानेचा अवाढव्य प्राणी आणि खाली नाव ‘ब्राँटोसॉरस’. झालं! लोक खवळले. म्हणे खरं नाव अपॅटोसॉरस. ते १८७७ मध्ये ठेवलं, ब्राँटोसॉरस १८७९ मध्ये. ठेवणारा माणूस एकच, मार्श नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. पुढं १९०३ मध्ये ठरलं की दोन्ही एकच, तेव्हा जुनं नाव खरं. मग २०१५ मध्ये कुणीतरी सगळी हाडं पुन्हा मोजून सांगितलं, की नाही, ब्राँटोसॉरस वेगळाच होता. आता पाटी कुठली लावायची, यावर माणसं अजून एकमेकांची तोंडं बघत नाहीत. मी हे वाचलं आणि गदगदून आलं. नावावरनं भांडण म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. माझ्या पाकिटावर पाठवणारा बेळगाव लिहितो, शिक्क्यावर बेळगावी येतं, आणि पत्र मला वेळेवर पोचतं. प्राण्याला स्वतःला दोन्ही नावांचं काही वाटत नसणार.

माझे या क्षेत्रातले गुरू निपाणीचे. त्यांना मी अण्णा म्हणतो. तंबाखूचा व्यापार. तिकिटांना कसर लागू नये म्हणून ते आल्बमच्या पानापानांत तंबाखूचं पान घालून ठेवतात. कसर खरोखर लागत नाही. पण त्यांच्याकडून आलेला प्रत्येक डायनासोर असा काही दरवळतो, की आल्बम उघडला की मला तीन शिंका. आणि सुट्या तिकिटासमोर शिंकणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. माझा मंगोलियाचा टार्बोसॉरस असाच उडून सोफ्यामागं गेला, तो दिवाळीच्या साफसफाईत मिळाला.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी फोन केला. “सर, एक वस्तू हाय. एक्कावन सालची. प्रागैतिहासिक प्राण्याचं जगातलं पयलं तिकीट समजत्यात याला. आन् ते कुणी काढलं? आपण!”

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये स्थापन झालं, त्याच्या शताब्दीचं ते तिकीट. १३ जानेवारी १९५१. किरमिजी आणि काळा रंग, त्यावर स्टेगोडॉन गणेसा. ते निघालं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, हे अण्णा दर वेळी सांगतात आणि मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

“पण अण्णा, तो डायनासोर नव्हे. हत्तीचा भाऊबंद तो. डायनासोर संपले, त्यानंतर सहा कोटी वर्षांनी आला.”

“आसू दे की! सहा कोटीनं काय हुतंय?”

त्या वाक्यापुढं शास्त्र चालत नाही. मी घेतलं.

मग आला पाऊस. बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, चपलांना बुरशी, पापड म्हणजे चामडं, आणि तिकिटांच्या मागचा डिंक जागा होतो. जुलैत आल्बम उघडला तर माझे सात डायनासोर एकमेकांना चिकटून बसलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशी एकी दाखवली असती तर कदाचित वाचले असते.

चिकटलेली तिकिटं फ्रीझरमध्ये ठेवली की सुटतात, असं जाणकार सांगतात. मी एका डबीत घालून ती ओल्या खोबऱ्याशेजारी ठेवली. संध्याकाळी बायकोचा आवाज आला.

“अहो, फ्रीझरमध्ये हे काय आहे?”

“डायनासोर.”

“किती दिवस राहणार आहेत?”

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती आता ‘का’ विचारत नाही, ‘किती दिवस’ विचारते.

सातातले पाच सुटले. दोघांनी एकमेकांची कातडी सोबत नेली. तेव्हा ठरवलं, की स्टेगोडॉनला या हवेत ठेवायचं नाही. तांदूळ ओल शोषून घेतो असं ऐकलं होतं, आणि घरात खानापूरकडचा बासमती पिंपभर होता. तिकीट कागदी पाकिटात घालून मी तांदळात खोल पुरलं. चार दिवसांनी काढायला गेलो तर पाकीट सापडेना. कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, तेव्हा पाकीट आलं, आणि त्याच्या कडेनं सोंड्यांची रांग निघाली होती. मी भिंगातून बघितलं. एका बाजूला तीनेक मीटर सुळ्यांचा, सोंडवाला, शिवालिकच्या टेकड्यांतला गजराज. दुसऱ्या बाजूला तांदळातला सोंड्या. त्यालाही सोंडच. भाऊबंद भेटायला आले म्हणायचे.

नेमकी त्याच वेळी आत्या आत आली. माझी आत्या शहापूरची, वय वर्षं ब्याऐंशी, गणपतीला आमच्याकडे येते ती दसऱ्यापर्यंत.

“तांदळात काय शोधतोस रे?”

“आत्या, हे बघ, स्टेगोडॉन गणेसा.”

इथं माझं चुकलं. नुसतं ‘तिकीट’ म्हणायला हवं होतं. आत्यानं चष्मा वर केला. “गणेश?”

मग मीही रंगलो. फाल्कनर आणि कॉटली या दोन साहेबांनी शिवालिकात याचे सांगाडे मिळवले, त्यातला कॉटली म्हणजे गंगेचा कालवा काढणारा, आणि त्यांनी प्राण्याचं नाव चक्क आपल्या गणपतीवरनं ठेवलं, वगैरे. आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, हेही सांगून टाकलं, की याचे दोन सुळे इतके जवळजवळ होते की सोंड मधनं जाईना. ती एका बाजूला टाकूनच त्याला चालावं लागे.

आत्या गंभीर झाली. “कुठल्या बाजूला?”

“अं?”

“सोंड रे. उजवी की डावी?”

हा प्रश्न आजवर कुठल्याही भूशास्त्रज्ञानं विचारलेला नसावा. मी भिंग शोधायला बाहेरच्या खोलीत गेलो. परत आलो तेव्हा निर्णय लागला होता. चित्रात कळत नसेल तर उजवीच धरावी, कारण उजव्या सोंडेचा कडक असतो, आणि डावा समजून चूक झाली तर घरावर येते. तांदळातनं वर आला, म्हणजे अन्नपूर्णेनंच दिला. तिकीट देवघरात, छोट्या चांदीच्या ताटलीत. वर दूर्वा. आणि कुंकू.

कुंकू! तिकिटाचा रंगच मुळात किरमिजी, म्हणून आधी लक्षात आलं नाही. जवळ गेलो तर स्टेगोडॉनच्या कपाळावर ठसठशीत बोट.

“हात लावू नकोस. आंघोळ केलीस का?”

त्या वर्षी पाच दिवस मी सकाळी पारोशानं देवघराच्या उंबऱ्याशी उभा राहून, भिंगातून, लांबनं, माझ्याच तिकिटाचं दर्शन घेत होतो. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “सर, किंमत गेली. पर पुण्य वाढलं.”

पाचव्या दिवशी घरच्या गणपतीला घेऊन सगळे कपिलेश्वरच्या तलावाकडे गेले. मला हीच संधी होती. तिकीट वापरलेलं, शिक्क्याचं, मागं डिंक नाही, म्हणजे पाण्याची भीती नाही. जुनी तिकिटं पाकिटावरनं सोडवायची असली की आम्ही कोमट पाण्यातच घालतो. मी रीतसर आंघोळ केली, पसरट ताटात कोमट पाणी घेतलं, चिमट्यानं स्टेगोडॉनला उचललं आणि अलगद सोडलं. कुंकू सुटायला लागलं. ताटभर लालसर ढग पसरला, दूर्वेचं एक पातं तरंगून वर आलं.

मागं खुर्ची वाजली. गुडघे दुखतात म्हणून आत्या तलावावर गेलीच नव्हती.

तिनं ताटात बघितलं. माझ्याकडे बघितलं. ओले केस, उघडं अंग, कमरेला पंचा, हातात चिमटा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“शहाणा गं माझा बाळ तो,” ती म्हणाली, आणि ताटात मूठभर अक्षता टाकून आमच्या आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात ब्याऐंशी वर्षांच्या खणखणीत आवाजात ओरडली, “गणपती बाप्पा...”

काय करणार? चिमटा खाली ठेवला आणि म्हणालो, “मोरया.”