पिच्चर कधी येणार आणि सुभेदार काका काय म्हणणार

आमच्या बेळगावात लढाईचा पिच्चर बघणं हे सुखाचं काम नाही. बाकीच्या गावात माणूस तिकीट काढतो, दोन शिट्ट्या मारतो आणि घरी जाऊन झोपतो. इथं कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, पहाटे फिरायला गेलात तर रिक्रूट पोरं पळताना दिसतात, आणि गल्लीत कुणाचा ना कुणाचा मामा, काका, आजा फौजेत राहून आलेला असतोच, त्यामुळं पडद्यावरचा मेजर कितीही शूर असला तरी शेजारच्या खुर्चीतल्या रिटायर्ड सुभेदारानं त्याला पास केल्याशिवाय आम्हाला टाळी वाजवायची सोय नाही.

आमच्या वाट्याला आलेत ते सुभेदार काका. सख्खे कुणाचेच नव्हेत, म्हणून सगळ्यांचेच. संध्याकाळी बोगारवेशीजवळच्या चहाच्या गाडीवर आमचा कट्टा जमतो, मेडिकलवाला, झेरॉक्सवाला, मी आणि काका, आणि विषय एकच, कुठला पिच्चर कुठं अडकलाय. क्रिकेटवर बोलणारी माणसं पलीकडच्या गाडीवर बसतात.

आता प्रतापराव गुजरांवरचा 'वेडात मराठे वीर दौडले सात' घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये घोषणा झाली, शिवाजी महाराज म्हणून अक्षय कुमार, आणि तारीख दिली दिवाळी २०२३. नेसरी म्हणजे आमच्यासाठी काय लांब आहे का ओ, गडहिंग्लज तालुका, सकाळी गाडी काढली तर समाधीचं दर्शन घेऊन जेवायला घरी, त्यामुळं आम्हाला ते घरचंच कार्य वाटायलेलं. दिवाळी आली, पोरांनी किल्ले केले, चिवडा संपला, तुळशीचं लग्नपण झालं, पिच्चर काय आला नाही. झेरॉक्सवाला लई चिडला. म्हणाला, "२४ फेब्रुवारी १६७४ ला त्या माणसानं मागं कोण येतंय हेसुद्धा बघितलं नाही, सहा जण घेतले आणि गेला बहलोलखानाच्या अंगावर. अर्धा दिवस थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. आणि त्याच्यावरचा पिच्चर थांबतोय?"

काका शांतपणे म्हणाले, "सात माणसं लगेच निघतात रे. युनिट निघायचं म्हणजे वेळ लागतोच."

'छावा'च्या वेळी मेडिकलवाल्याची पाळी होती. ६ डिसेंबर २०२४ ही तारीख, ह्यानं दुकानात पोराला बसवायची व्यवस्थापण केलेली, आणि त्याच आठवड्यात 'पुष्पा २' आला म्हणून हे गेले १४ फेब्रुवारी २०२५ ला. औरंगजेबाला ज्यांनी आठ-नऊ वर्षं दमवलं त्यांच्या पिच्चरनं रक्तचंदनाच्या स्मगलरला रस्ता सोडून दिला, हे त्याला अजून पचलेलं नाही, आणि गोळ्या विकणाऱ्यालाच पचत नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार.

मी त्यातला वाचणारा, म्हणून समजावायचं काम माझ्याकडं. लढाईचा पिच्चर म्हणजे घोडी भाड्यानं आणा, बर्फाचा सीझन गाठा, व्हीएफएक्सवाल्यांच्या मागं लागा, फौजेवरचा असला तर संरक्षण खात्याकडनं आधी एनओसी घ्या असं २०२० मध्ये खात्यानं सेन्सॉर बोर्डाला लिहिलंय तेपण आलंच. मग मी माझं हुकमाचं पान टाकतो. 'अपोकॅलिप्स नाऊ', व्हिएतनामचा पिच्चर, शूटिंग फिलिपिन्समध्ये १९७६ ला सुरू, वादळात सेट मोडले, हिरोला हार्ट अटॅक आला, तिथल्या सरकारनं दिलेली हेलिकॉप्टरं ऐन शूटिंगमधनं खऱ्या बंडखोरांवर जायला परत बोलावली जायची, आणि पिच्चर आला १९७९ मध्ये. एवढं ऐकल्यावर कट्ट्यावर जरा तरी कुणी 'अरेरे' म्हणेल असं मला वाटतं. काका म्हणाले, "हेलिकॉप्टर परत गेलं? बरोबर आहे. हेलिकॉप्टर असंच असतंय. त्याच्या भरवशावर आम्ही भाकरी सोडत नव्हतो."

तसं बघायला गेलं तर वाट बघण्यात बेळगावकराचा हात कोण धरणार. १९५६ पासून आम्ही सीमाप्रश्नाच्या एका निकालाची वाट बघतोय, महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेलं ते २००४ ला, तेव्हा जन्मलेली पोरं आता मिशीला कोरायला लागली. त्या मानानं पिच्चर दोन-तीन वर्षं पुढं गेला म्हणून रडणं शोभत नाही आम्हाला.

पण ह्यात आमची एक जादाची पाळी असते ती बाहेरच्यांना कळत नाही. सगळा देश एकदाच वाट बघतो. हिंदी पिच्चर आमच्याकडं वेळेवर लागतो, मराठी लागला तर लागला, आणि लागला तर शो असा की त्या वेळेला फक्त रिटायर्ड माणूस आणि कॉलेज बुडवलेलं पोरगं मोकळं असतं. मग चला कोल्हापूर, शंभर-सव्वाशे किलोमीटर, संकेश्वर, निपाणी करत.

आणि कोल्हापूर म्हटलं की काकांचा फॉलिन, म्हणजे फौजेसारखं वेळेआधी रांगेत हजर राहणं, आलं. शो दुपारी बाराचा. माणसानं नऊला निघावं की नाही? काकांचा हिशोब वेगळा. फौजेत साहेबानं सहा सांगितलं की अ‍ॅडज्युटंट पावणेसहा सांगतो, सुभेदार मेजर साडेपाच, त्याच्या खालचा पाच, आणि जवान बिचारा चारलाच बूट घालून उभा असतो. काकांनी हे सगळे हुद्दे एकट्यानं भूषवले आणि आम्हाला पाच वाजता धर्मवीर संभाजी चौकात उभं केलं. गाडीत बसायच्या आधी नावं घेतली. चौघांची. आठला आम्ही कोल्हापुरात मिसळ खाऊन बसलेलो, थिएटरचा वॉचमन अजून दात घासत होता.

पिच्चर इतिहासातला, रात्रीच्या छाप्याचा. पहिली दहा मिनिटं काका गप्प, मला बरं वाटलं. मग मावळे मशाली पेटवून गड चढायला लागले.

"छापा आहे नव्हे?" काका माझ्या कानात. फौजी कुजबुज ती, चार रांगा मागं गेली.

"होय काका."

"मग मशाली कशाला? शत्रूला तोंड दाखवायला?"

पुढं पायथ्यालाच 'हर हर महादेव' झालं, काकांनी कपाळाला हात लावला, "आत शिरल्यावर म्हणायचं रे ते, दाराबाहेर नव्हे!" मग गाणं सुरू झालं, झांजा-ढोल सगळं, आणि गडावरचा पहारेकरी झोपलेलाच. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ वळले, मला वाटलं आता भांडण, तर ते म्हणाले, "बरोबर आहे साहेब. आणि घोड्यांना दाणा कधी घातला?" तेपण रिटायर्ड निघाले. इंटरव्हलनंतर दोघं शेजारी बसले आणि आमच्या तिघांचा पिच्चर संपला.

आजच्या फौजेवरच्या पिच्चरात तर बघायलाच नको. कॅप्टनचे केस कानावर आले की काकांना त्याच्या मरणाचंसुद्धा वाईट वाटत नाही. सगळी टोळी एका जागी गोळा होऊन पुढं जाते त्याला फौजेत बंचिंग म्हणतात, आणि तसं जाणाऱ्यांना शिव्या बसतात हे आता माझ्या बायकोलापण माहीत झालंय. 'एलओसी कारगिल' सव्वाचार तासांचा, तो काकांबरोबर बघितलेली माणसं गल्लीत ओळखू येतात, फार बोलत नाहीत.

काकांनी मनापासून पास केलेला एकच, १९९७ चा 'बॉर्डर'. कारण मी विचारलं. मला वाटलं तोफा, टँक, सनी देओल. काका म्हणाले, "त्यात वाट बघितलीय." १९७१ च्या लढाईत लोंगेवालाच्या चौकीवर आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, ती उजाडल्यावरच येणार, तोपर्यंत रात्रभर टिकून राहायचं, ते त्यांना पटलेलं. मग स्वतःचं सांगायला लागले, डिसेंबर २००१, संसदेवर हल्ला झाला आणि सगळी फौज सीमेवर गेली, ऑपरेशन पराक्रम. ह्यांचं युनिट राजस्थानात. आज हुकूम येणार, उद्या येणार. थंडी गेली, उन्हाळा आला, तंबूत पाण्याचा डबा हाताला भाजायचा, सायंकाळी सगळे बूट उलटे करून विंचू झाडायचे, रायफल पुसायची, परत वाट बघायची. ऑक्टोबर २००२ मध्ये परत फिरा म्हणून ऑर्डर आली. लढाई झालीच नाही.

"त्याच्यावर काढा म्हणावं एक पिच्चर," काका म्हणाले.

झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, त्यात घडणार काय?"

"तेच की. दहा महिने आम्हीपण हेच विचारायलेलो."

आता काकांनी त्या छाप्यावाल्या डायरेक्टरला पत्र लिहायचं काढलंय. मी टाइप करतोय, झेरॉक्स फुकट. विषय, संदर्भ, मग परिच्छेद एक, मशाली; परिच्छेद दोन, घोषणेची वेळ; परिच्छेद तीन, घोड्यांचा दाणापाणी; आणि तिसऱ्या परिच्छेदाला उपपरिच्छेद क पर्यंत. पत्र तयार आहे, सहीपण झाली. पण काका म्हणतात थेट टाकायचं नाही, प्रॉपर चॅनलनं जायला पाहिजे, आणि डायरेक्टरच्या वर कोण असतं ते मेडिकलवाला चौकशी करून सांगणार आहे.