महापुराच्या संदेशाबाबत खुलासा

चिकोडी, निपाणी आणि रायबाग तालुक्यांतील व्हॉट्सॲप गटांवर ‘विद्यापीठाने कृष्णाकाठच्या गावांना महापुराचा इशारा दिला’ असा जो संदेश फिरत आहे, तो चुकीचा आहे. भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी वृत्तवाहिनीला दिलेल्या मुलाखतीतून तो उचलला आहे. ते त्यांचे अभ्यासक म्हणून मत होते, विद्यापीठाची घोषणा नव्हे. गावे हलविण्याचा आदेश जिल्हा प्रशासनच देते. कोयनेतून विसर्ग वाढला आणि त्याच वेळी दूधगंगा-वेदगंगेलाही पूर आला, तर कल्लोळ-येडूर मार्ग पाण्याखाली जाऊ शकतो, एवढेच प्राध्यापक म्हणाले होते. संदेशात ही अट गाळून त्याचे थेट भाकीत केले गेले. कृष्णेवरील अलमट्टी धरणाची उंची (समुद्रसपाटीपासून) ५२४.२५६ मीटर झाल्याचा मजकूरही त्यांच्या नावावर खपवला आहे. तो प्रस्ताव आहे. धरणात आज ५१९.६० मीटरपर्यंतच पाणी साठवले जाते. अशा विपर्यासामुळे जाणकार प्राध्यापक पत्रकारांशी बोलायचे टाळू लागतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते, कारण २०१९चा महापूर सोसलेल्या या भागात पाणी कसे चढते हे मराठीतून समजावणारी माणसे आधीच कमी आहेत. हा संदेश कृपया पुढे पाठवू नये.