गेटवरचा फ्लेक्स काढू नका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. "मेन गेटला वॉचमनने बांधलेला फ्लेक्स आज काढण्यात येईल. एन्ट्रन्सचा लूक जातो." खाली कुणीतरी विचारलं, काकांना रात्री वारा लागतो म्हणून बांधलाय ना तो? त्यावर कमिटीतून उत्तर आलं, "ॲपवर १४ दाखवतंय. १४ म्हणजे काही कडाक्याची थंडी नव्हे." आणि त्या उत्तराला भराभर अंगठे.

तेव्हापासून डोकं फिरलंय. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे. तुम्ही माझी माणसं आहात, वाचाल.

तो फ्लेक्स म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना बॅनर. काकांनी उलटा करून पांढरी बाजू बाहेर ठेवली आणि गेटच्या गजांना सुतळीने आवळून बांधला. मागे त्यांची प्लास्टिकची खुर्ची. आमच्या दोन्ही बिल्डिंगांच्या मधली जागा बरोबर गेटसमोर उघडते. पुण्यातल्या बावधनच्या मोकळ्या बाजूने येणारा वारा त्या बोळात शिरला की त्याचा वेग वाढतो, आणि तो सरळ खुर्चीवर येतो. रात्रभर.

या आठवड्याचा अंदाज तुम्ही वाचला असेलच. आकाश निरभ्र, हवा कोरडी, उत्तर-ईशान्येकडून वारे, किमान तापमानात घट. नोव्हेंबर सरताना असं होतंच. हिमालयात पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची प्रणाली) येऊन पुढे सरकला की त्याच्यामागून कोरडी गार हवा मध्य भारत ओलांडून आपल्यापर्यंत उतरते. वर उत्तरेत हवेचा दाब जास्त, खाली दक्षिणेकडे कमी, आणि हा फरक वाढला की वारा जोर धरतो. हा आठवडा तसलाच आहे. दुपारी ऊन छान वाटतं, पण सावलीत पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो, ओठ फुटतात, हातापायांना भेगा पडतात.

तर ते १४. हवामान खातं तापमान मोजतं ते पांढऱ्या लाकडी पेटीत. पेटीला चारी बाजूंनी तिरक्या पट्ट्या, जमिनीपासून साधारण चार फूट उंची, दार उत्तरेला. थर्मामीटरवर थेट ऊन-पाऊस येऊ नये आणि सगळीकडे एकाच रीतीने मोजलं जावं म्हणून ही व्यवस्था. रात्रीच्या किमानाची नोंद सकाळी साडेआठला होते. ॲपवरचा आकडाही असाच, निव्वळ हवेचा. थर्मामीटरला स्वतःची ऊब नसते. वारा कितीही सुटू दे, तो हवा जेवढी गार आहे तेवढंच दाखवणार. माणसाच्या अंगात मात्र ३७ अंशांची ऊब असते. कातडीलगत गरम हवेचा एक पातळ थर धरलेला असतो, आणि वारा तो सारखा उडवून नेतो. अंग पुन्हा तापवायला जातं, वारा पुन्हा नेतो. साठीच्या आसपासच्या, दिवसातून दोनदा डबा खाणाऱ्या माणसाचं हे रात्रभर चालू असतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे, आणि ती कमिटीतल्या एकाच्याही डोक्यात आलेली नाही. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते, गार जड हवा तळाशी साचते आणि आकडा झपाट्याने खाली जातो. दहा, नऊ. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. वाऱ्याच्या रात्री मात्र वरची जरा उबदार हवा खाली मिसळत राहते, त्यामुळे आकडा तेरा-चौदावर अडतो. कुणी बातमी करत नाही, कुणाला काळजी वाटत नाही. म्हणजे गेटवरच्या माणसाचे ज्या रात्री सगळ्यात जास्त हाल होतात, त्याच रात्री तुमच्या मोबाइलवर बरा आकडा दिसतो!

काकांना हे कुठल्याही ॲपशिवाय माहीत आहे. माझी पहाटेची शिफ्ट असते, कॅब येईपर्यंत मी गेटवर उभी असते. परवा ते म्हणाले, "वारं नसलं तर काय वाटत न्हाई ताई. थंडी सोसती. वारं सोसत न्हाई." हे बोलताना ते बॉलपेन दोन तळहातांत धरून चोळत होते. कॅबचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा होता आणि पेन चालत नव्हतं. बोटंही चालत नव्हती. त्या पानावर रात्री दहाची अक्षरं सरळ आहेत आणि पहाटे पाचची वाकडी, एकमेकांत गेलेली.

शिवाय पुणं म्हणजे एक आकडा नव्हे. पुण्याचं तापमान म्हणून सांगतात ते शिवाजीनगरचं, म्हणजे शिमला ऑफिसचं. (१९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव.) एनडीए, पाषाणकडे किमान बहुतेक वेळा त्याहून खाली असतं, आणि मगरपट्टा, वडगावशेरीला कितीतरी वर. एकाच रात्री, एकाच शहरात. आम्ही पाषाणच्या अंगाला राहतो. मग त्या १४ वर एवढा विश्वास कशासाठी?

हवामान खात्याला मी बोल लावत नाही. थंडीची लाट म्हणायला सपाट प्रदेशात किमान दहा किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी कमी हवं, असा त्यांचा निकष आहे. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे कळतं मला. पण ती रेघ इशारा देण्यासाठी आहे. माणसाला आडोसा द्यायचा की नाही, हे तिच्यावरून ठरवायचं नसतं.

ग्रुपवर एका ज्येष्ठांनी लिहिलं की खरी थंडी पूर्वी असायची. खरं आहे. १९३५ च्या जानेवारीत पुण्यात १.७ अंशांपर्यंत पारा उतरला होता. पण त्या आकड्याने आज रात्री काकांचे गुडघे गरम होत नाहीत. सिमेंटचं रिकामं पोतं गुडघ्यांवर घेऊन बसतात ते! आपण पाचव्या मजल्यावर खिडकीची फट बंद करायला उठतो आणि पुन्हा रजईत शिरतो. तिथून टाइप करतो की १४ म्हणजे थंडी नव्हे. मला हे वाचून लाज वाटली, खरंच वाटली.

शेकोटीचं म्हणाल तर कमिटीची बंदी मला मान्य आहे. पालापाचोळा आणि त्याबरोबर प्लास्टिक जाळलं की धूर थंडीत वर जात नाही, तळाशीच कोंडतो, आणि पहिल्या मजल्यावर दम्याची दोन माणसं आहेत. हीटरला वायरिंगची अडचण आहे, तेही ऐकून घेतलं. ठीक. पण शेकोटी नाही, हीटर नाही, आणि आता फ्लेक्सही नाही? दिवाळीत त्याच गेटवर लायटिंगच्या माळा लावल्या तेव्हा खर्चाचा विषय कुणी काढला नव्हता. लॉबीतल्या कुंड्या बदलल्या तेव्हाही नाही. हा माणूस सिक्युरिटी एजन्सीचा, सोसायटीचा नाही, म्हणून एजन्सीने बघावं असं म्हणणारेही आहेत. एजन्सीने स्वेटर दिलाय, आणि त्याचे पैसे पगारातून कापलेत. झालं त्यांचं बघून.

रागाच्या भरात जास्त बोलले असेन. कमिटीतली माणसं वाईट नाहीत. लॉकडाउनमध्ये याच लोकांनी काकांची जेवणाची सोय केली होती, ते मी पाहिलंय. म्हणूनच जास्त लागतं. एक रात्र, एकच रात्र, दोन ते पाच, त्या खुर्चीवर बसून बघा. कुणालाही ॲप उघडावं लागणार नाही.

आणि आपल्या गेटपुरतंच हे नाही. पहाटे मार्केट यार्डात पोती उतरवणारे हमाल, सायकलवर पेपर टाकणारी पोरं, हातात झाडू घेऊन आपल्या आधी रस्त्यावर आलेल्या बायका. ऊसतोडीला आलेली कुटुंबं तर जिल्हाभर पाचटाच्या कोप्यांत तान्ही पोरं घेऊन झोपतात. अंदाज खरा त्यांच्यासाठी असतो, आणि पोचतो मात्र आपल्याकडे.

उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं तर ढग येतील, बाष्प येईल, किमान दोन-चार अंशांनी वाढेल. मग कुणीतरी लिहील, गेली की थंडी, कशाला खर्च? डिसेंबर-जानेवारी अजून पुढे आहेत. ढग गेले की पुन्हा हाच वारा येणार.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडतेय. तीन बाजूंना पत्रा, समोर सरकती काच, आत एक दिवा आणि टेकायला पाठ असलेली लाकडी खुर्ची. एवढंच. आपल्या मजल्यावरच्यांनी तरी या, हात वर करायला माणसं लागतात. तोवर गेटवरचा फ्लेक्स काढायचा नाही, हे मी आत्ता सेक्रेटरींना फोन करून सांगतेय. आणि बावधन, पाषाण, सूसकडे कुणाच्या सोसायटीत अशी बंद केबिन करून घेतली असेल, तर खर्च किती आला आणि फॅब्रिकेटर कोण, ते मला शनिवारच्या आत इनबॉक्स करा.